'कारवान' आणि त्याचे मराठी पर्याय : एक शब्दार्थविचार

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी निर्वाणापूर्वी काही महिने, १९५६ च्या जुलैअखेरीस, दिल्ली येथील निवासस्थानी आपले सहायक नानकचंद रत्तू यांच्यापाशी व्यथित मनाने काही उद्गार काढले. रत्तू यांनी ते पुढे आपल्या आठवणींत नोंदवले. आपण मोठ्या कष्टाने जे इथवर आणले ते अनुयायांना पुढे नेता आले नाही तर आहे तेथेच राहू द्यावे, परंतु कोणत्याही परिस्थितीत मागे जाऊ देऊ नये, असा त्यांचा आशय आहे. 'जे' या सर्वनामाच्या जागी रत्तूंच्या इंग्रजी निवेदनात 'कॅराव्हॅन' हा शब्द आहे. हिंदी अनुवादांत तेथे 'कारवाँ' येतो. मराठीत मात्र सभांतून, भित्तिपत्रकांतून आणि स्मरणिकांतून हे उद्गार ज्या रूपाने फिरतात, त्यात बहुतेक ठिकाणी 'रथ' असतो, क्वचित 'गाडा'.

हा केवळ शब्दाचा फरक नाही. रथाला सारथी असतो, आत बसणारा असतो आणि ओढणारे निराळे असतात. कारवानात बसणारा आणि ओढणारा असा भेद मुळातच नसतो. जो तो आपले ओझे घेऊन चालतो आणि सर्वांत मंद चालणाऱ्याची गती हीच सर्वांची गती ठरते. शिवाय नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात, एप्रिल १९३० मध्ये, संघर्ष पेटला तो रामाचा रथ ओढण्याच्या हक्कावरून, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याच नेत्याच्या अखेरच्या काळातील उद्गारांत मराठीने 'रथ' बसवावा यातील विसंगती लपत नाही. मग मराठीने असे का केले? मराठीपाशी कारवानासाठी शब्दच नव्हता काय? होते, आणि एकाहून अधिक होते. ते प्रत्येक आपापल्या वाटेने दुसरीकडे निघून गेले.

प्रथम मूळ शब्द. 'कारवान' हा फारसी आहे. मध्य फारसीत, म्हणजे पहलवीत, त्याचे रूप 'कारवान' असेच असून त्याचा संबंध प्राचीन फारसीतील 'कार' या शब्दाशी लावला जातो. दारयवहु राजाच्या बेहिस्तून येथील शिलालेखात, इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या अखेरीस, हा 'कार' पुनःपुन्हा येतो. त्याचा अर्थ सैन्य, आणि काही ठिकाणी नुसता लोक किंवा जनसमूह. जर्मन भाषेतील सैन्यवाचक 'हेर' हा याच कुळातील. काही जुन्या कोशकारांनी 'कारवान' संस्कृत 'करभ' (उंटाचे पिल्लू, उंट) या शब्दापासून साधला आहे. उंट डोळ्यांपुढे असल्यामुळे ही व्युत्पत्ती मोहक वाटते, पण ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने ती टिकवणे कठीण आहे. सैन्य आणि व्यापारी तांडा यांचे नाव एकाच मुळातून यावे यात आश्चर्य नाही. वाळवंटातून माल नेणारा समूह शस्त्रधारी असे, त्याला प्रमुख असे, पहारे असत, कूच आणि मुक्काम यांच्या वेळा ठरलेल्या असत.

युरोपीय भाषांत हा शब्द क्रूसयुद्धांच्या काळात पोचला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये तो 'कारवाना' झाला, फ्रेंचमध्ये 'काराव्हान', आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत 'कॅराव्हॅन'. इंग्रजीत त्याला एक अनपेक्षित वळण मिळाले. सतराव्या शतकात झाकलेल्या मोठ्या प्रवासी गाडीला तो लावला जाऊ लागला, म्हणजे अनेकांच्या समूहाचे नाव एका वाहनाकडे गेले. एकोणिसाव्या शतकात त्याचा पूर्वार्ध गळून 'व्हॅन' एवढेच शेपूट उरले. हे शेपूट मराठीत आज घरोघरी आहे : शाळेची व्हॅन, पोलीस व्हॅन. पूर्ण शब्द मात्र मराठीत आला तो चाकांवरच्या घराच्या अर्थाने. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये 'कॅराव्हॅन पर्यटना'चे धोरण जाहीर केले तेव्हा त्यात ना समूह होता, ना माल, ना वाटेचे भय. प्राचीन इराणच्या सैन्याचा वंशज असा सुटीवर निघाला आहे.

उर्दूने 'कारवाँ' फारसीकडून घेतला तो त्याच्या सर्व परिवारासह : मीर-ए-कारवाँ म्हणजे त्याचा नायक, गर्द-ए-कारवाँ म्हणजे त्याच्यामागे उडणारी धूळ, जरस आणि दरा म्हणजे प्रस्थानाची घंटा. फारसी गझलेत ही घंटा आयुष्य क्षणभंगुर असल्याची सूचना देते. हाफिजच्या दिवाणातील पहिल्याच गझलेत ती वाजते. इक्बालने तिचा अर्थ उलटा केला. त्याच्या १९२४ च्या संग्रहाचे नावच 'बांग-ए-दरा' असे आहे, आणि तेथे घंटा निरोपाची नसून झोपलेल्यांना उठवण्याची आहे. १९०४ च्या 'तराना-ए-हिंद'मध्ये गंगेच्या काठी उतरलेल्या कारवानाची आठवण आहे. फिराक गोरखपुरी यांनी तर हिंदुस्थान हाच एकामागून एक येऊन वसलेल्या कारवानांनी घडत गेलेला प्रदेश म्हणून पाहिला, आणि मजरूह सुलतानपुरी यांच्या एका सर्वपरिचित शेरात एकटा निघालेला माणूस वाटेत भेटणाऱ्यांमुळे कारवान होऊन जातो. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तर हिंदुस्थानात 'कारवाँ' हे राजकीय चळवळीचे स्वाभाविक रूपक बनलेले होते. दिल्लीत वास्तव्य असलेल्या आणि इंग्रजीत बोलणाऱ्या आंबेडकरांच्या 'कॅराव्हॅन' या शब्दामागे हा परिसर होता, एवढे तरी म्हणता येते.

मराठीत फारसी शब्द विपुल आले, परंतु 'कारवान' हा मराठीच्या रोजच्या व्यवहारात कधी रुजला नाही. मराठी भाषकांच्या कानावर तो पडतो मुख्यतः दोन मार्गांनी : हिंदी चित्रपटांतून (१९७१ च्या 'कारवाँ' या नासिर हुसेन यांच्या चित्रपटाचे नाव येथे आठवेल) आणि हैदराबादमधील मराठी कुटुंबांच्या तोंडून. गोवळकोंडा किल्ला आणि पुराणा पूल यांच्या दरम्यानची 'कारवान' ही वस्ती कुतुबशाही काळापासून व्यापाऱ्यांची म्हणून प्रसिद्ध होती. तेथे राहणाऱ्याला कारवान हा पत्ता वाटतो, प्रवास नव्हे.

मराठीने घेतला तो अरबी 'काफिला'. 'काफला' असेही त्याचे रूप आढळते. या शब्दाच्या अर्थाची एक गंमत आहे आणि ती मराठी वाचकाला इतरांपेक्षा लवकर उमगावी. अरबी धातू 'क-फ-ल' याचा अर्थ परत येणे. 'काफिला' म्हणजे परतणारी. मग निघालेल्या समूहाला परतणारी का म्हणायचे? अरबी कोशकार सांगतात की, हे नाव शुभचिंतनाने दिलेले आहे. निघतानाच परतीचा उच्चार करावा म्हणजे प्रवास सुखरूप होतो. घराचा उंबरठा ओलांडताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणाऱ्या मराठी माणसाला याचे निराळे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. वाळवंट आणि सह्याद्री यांच्यात अंतर असेल, परंतु घरी राहणाऱ्यांची धास्ती तीच आहे.

काफिला या शब्दाचा एक अध्याय कोकण किनाऱ्यावर घडला. पोर्तुगीजांनी अरबीतून घेतलेला 'काफिला' गोव्यात समुद्रावर उतरवला. सोळाव्या-सतराव्या शतकांत गोव्याहून खंबायताकडे जाणारी व्यापारी गलबते एकटी जात नसत. लढाऊ जहाजांच्या संरक्षणाखाली ती समूहाने निघत, आणि अशा समूहाला पोर्तुगीज कागदपत्रांत काफिला म्हणत. संरक्षण हे नेहमीच मैत्रीचे नव्हते. ज्या व्यापाऱ्याला काफिल्याबाहेर स्वतंत्रपणे जायचे असे, त्याचे गलबत त्याच संरक्षकांच्या हाती सापडण्याचा संभव असे. वाटेवरची सोबत आणि वाटेवरची सक्ती यांच्यातील सीमारेषा किती पुसट असते, हे या उदाहरणावरून दिसते. आजच्या मराठीत गलबतांच्या व मोटारींच्या समूहाला 'ताफा' म्हणतात. तो अरबी 'ताइफा'पासून आलेला, एके काळी कलावंतिणींच्या मेळ्याला लागणारा शब्द आज मंत्र्यांच्या मोटारींपुढे शिट्टी वाजवीत धावतो.

आता 'सार्थ'. संस्कृतात कारवानासाठी नेमका शब्द हाच. 'अर्थ' म्हणजे धन वा प्रयोजन, ते ज्यांच्यापाशी आहे अशांचा समूह तो सार्थ. आणि त्याला नेणारा सार्थवाह. अमरकोशाने 'सार्थवाह' वैश्यवर्गात व्यापाऱ्याच्या पर्यायांत घातला आहे, पण टीकाकार क्षीरस्वामी याला पांथांना नेण्याचा अर्थ विसरायचा नाही. गुप्तकाळात या व्यक्तीला राज्यव्यवस्थेतही स्थान होते. उत्तर बंगालमधील दामोदरपूरच्या ताम्रपटांत कोटिवर्ष विषयाच्या कारभारात विषयपतीसोबत नगरश्रेष्ठी, सार्थवाह, प्रथमकुलिक आणि प्रथमकायस्थ बसलेले दिसतात. 'मृच्छकटिक'मधील चारुदत्त ब्राह्मण असूनही सार्थवाहांच्या घराण्यातला आहे. त्याचे दारिद्र्य हे वाटेवरून माघारी वळलेल्या घराण्याचे दारिद्र्य होय, ही गोष्ट त्या नाटकाच्या चर्चेत फारशी लक्षात घेतली जात नाही.

जैन 'बृहत्कल्पभाष्या'त सार्थाचे पाच प्रकार सांगितले आहेत : गाड्यांचा, लादलेल्या जनावरांचा, डोक्यावर भार वाहणाऱ्यांचा, वाटेत विकत घेऊन पोट भरणाऱ्यांचा आणि भिक्षेकऱ्यांचा. साधूंनी कोणत्या सार्थाबरोबर जावे याचा निर्णय करण्यासाठी ही वर्गवारी आहे. सार्थ म्हणजे केवळ श्रीमंत व्यापाऱ्यांची रांग ही समजूत या एका यादीने मोडते. ज्याच्यापाशी धन नाही त्याचाही सार्थ असतो. या सर्व साहित्याचा परामर्श मोतीचंद्र यांनी 'सार्थवाह' (१९५३) या हिंदी ग्रंथात घेतला आहे आणि आजही या विषयाचा अभ्यास तेथूनच सुरू करावा लागतो.

सार्थाचे गुणगान महाभारतात यक्षप्रश्नात आहे. प्रवाशाचा मित्र कोण, या प्रश्नाला युधिष्ठिराचे उत्तर चिकित्सक आवृत्तीच्या पाठात 'सार्थ' असे आहे. प्रचलित पाठांपैकी काहींत तेथे 'विद्या' आली. ज्यांच्या पाहण्यातून सार्थ नाहीसा झाला, अशांनी हा बदल केला असावा. पण त्याच वनपर्वात नलोपाख्यानात या मित्राचे दुसरे रूप दिसते. नलाने टाकलेली दमयंती अरण्यात भटकत असता चेदी देशाकडे निघालेला एक सार्थ तिला भेटतो. शुची नावाचा सार्थवाह तिला बरोबर येऊ देतो. रात्री सरोवराकाठी तळ पडला असता रानहत्तींचा कळप त्या सार्थाला तुडवतो. वाचलेले लोक मग या अरिष्टाचे कारण शोधू लागतात, आणि दिसते ती एक अनोळखी, मळक्या वस्त्रातील स्त्री. तिला दगडांनी मारावे असा विचार त्यांच्या तोंडून ऐकून दमयंती पुन्हा रानात पळते. सार्थाचे संरक्षण संकट येईपर्यंतच होते.

पाली जातककथांत सार्थाला मध्यवर्ती स्थान आहे. संग्रहातील पहिल्याच, अपण्णक जातकात, पाचशे गाड्यांचे दोन सार्थ आहेत; वाळवंटात पुढे पाणी मुबलक आहे असे सांगणाऱ्या राक्षसावर विश्वास ठेवून एक सार्थवाह बरोबरचे पाणी ओतून टाकतो आणि सर्वांसह नष्ट होतो. दुसऱ्या, वण्णुपथ जातकाची कथा अधिक मार्मिक आहे. दिवसाच्या तापामुळे सार्थ रात्री चालतो. ताऱ्यांवरून वाट दाखवणारा 'थलनिय्यामक', म्हणजे जमिनीवरचा सुकाणूधारी, पुढच्या गाडीवर असतो. प्रवास संपत आला म्हणून लाकूड-पाणी टाकून दिलेले असते, आणि तेवढ्यात हा वाटाड्या झोपी जातो. बैल रात्रीतून मागे वळतात. पहाटे पाहावे तो सार्थ कालच्याच तळावर! बोधिसत्त्व गवताचा एक झुपका पाहून खणायला लावतो, खडक लागतो, सारे हताश होतात, आणि एक पोर हातोडा घेऊन खाली उतरते तेव्हा पाणी फुटते. पाली ग्रंथांत 'सत्थवाह' हे बुद्धाचेही विशेषण आहे. आंबेडकरांच्या उद्गारांशी या कथेचा संबंध जोडण्याइतका पुरावा नाही. तथापि मागे वळलेल्या सार्थाचे भय बौद्ध वाङ्मयाला किती जुने आहे, हे तिच्यावरून कळते.

मराठीत 'सार्थ' या शब्दाचे काय झाले? तो आहे, पण 'अर्थासह' या अर्थाने. 'सार्थ ज्ञानेश्वरी' म्हणताना कोणाच्याही डोळ्यांपुढे बैलगाड्यांची रांग येत नाही. 'अर्थ' या शब्दाचे धन व आशय हे दोन अर्थ आहेत. मराठीने दुसरा राखला आणि पहिल्याबरोबर सगळा सार्थ गेला. मात्र तो नाहीसा झाला असे म्हणणे घाईचे ठरेल. संस्कृत सार्थ, प्राकृत सत्थ आणि मराठी 'साथ' ही परंपरा भाषाशास्त्रज्ञांनी मान्य केलेली आहे. साथीदार, साथसोबत, गायकाला तबल्याची साथ, चळवळीतील 'साथी' हे संबोधन, या सर्वांत तो जुना सार्थ चालतच आहे. फक्त माल उतरवून ठेवला गेला आणि बरोबरी तेवढी राहिली. 'रोगाची साथ' या प्रयोगातही अनेकांना एकदम बरोबर घेऊन जाण्याचीच कल्पना असावी.

असेच इतर सामानाचे. 'मजल दरमजल', 'मुक्काम', 'कूच', 'रसद' हे शब्द फौजा आणि काफिले यांच्या वाटेने मराठीत आले. आज 'मजल मारली' असे परीक्षेतल्या यशाबद्दल म्हटले जाते आणि पाहुण्याचा मुक्काम लांबला म्हणजे यजमान कुरकुरतात. 'कतार' मूळची उंटांची, एकामागे एक बांधलेल्यांची. आधुनिक अरबीत त्याच मुळाचा 'कितार' आगगाडीला मिळाला. अजिंठ्याच्या घाटाखाली फर्दापूर येथे मोगलकालीन सराई अजून उभी आहे.

राहिला 'तांडा'. मराठीत कारवानाचा हा एकच असा शब्द आहे की जो पुस्तकातून आलेला नाही. बंजारा, लमाण, लभाण अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या समाजाचे लादलेल्या बैलांचे समूह म्हणजे तांडे. 'बंजारा' वाणिज्यापासून आणि 'लमाण' लवणापासून, म्हणजे मिठापासून, अशी व्युत्पत्ती सांगतात. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ मध्ये धान्याने लादलेल्या चौदा हजार बैलांचा एक तांडा पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. दिवसाकाठी तो सहा-सात मैलांहून अधिक चालत नसे. चरत चरत जाण्याची ही गती होती, त्यामुळे वैरणीचा खर्च नव्हता आणि म्हणून धान्यासारखी स्वस्त वस्तू दूरवर नेणे परवडत असे. फ्रेंच जवाहिरा ताव्हेर्निये यानेही दहा-बारा हजार बैलांचे समूह वर्णिले आहेत. दख्खनमधल्या सैन्यांचे पोट याच तांड्यांवर चाले. १८०३ च्या मोहिमेत आर्थर वेलस्ली याची धान्याची मदार बंजाऱ्यांवर होती आणि त्याच्या पत्रांत त्यांच्याविषयीची चिंता वरचेवर येते. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणत. १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक यांचे आडनाव या उपाधीतूनच आलेले.

एकोणिसाव्या शतकात पक्के रस्ते आणि लोहमार्ग झाले आणि तांड्याचे काम संपले. त्यापाठोपाठ १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. जे चालत होते ते चालण्यामुळेच संशयित ठरू लागले. तो कायदा रद्द होऊन १९५२ मध्ये या जमाती 'विमुक्त' म्हटल्या गेल्या. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत गणले जातात, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगण व आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातींत. ज्या वाटेने एके काळी एकच तांडा जात असे, त्या वाटेवर आता तीन सूची आहेत.

शब्द मात्र टिकला आणि स्थिर झाला. मराठवाड्यात व विदर्भात 'तांडा' म्हणजे गावापासून थोडी दूर असलेली बंजारा वस्ती. पत्त्यात, मतदारयादीत, 'तांडा वस्ती सुधार' या शासकीय योजनेच्या नावात तो असतो. तेलंगणात २०१८ च्या पंचायत कायद्यानंतर अनेक तांडे स्वतंत्र ग्रामपंचायती झाले. चालणाऱ्या समूहाचे नाव न हलणाऱ्या वस्तीला लागले. हैदराबादच्या 'कारवान'चे जे झाले तेच, पण तेथे व्यापार थांबून पेठ वसली, आणि येथे व्यापार मोडून माळरान पदरी आले.

गावातल्या बोलण्यात या शब्दाला एक हिणकस छटाही आहे. 'पोरांचा तांडा', 'कसला हा तांडा घेऊन आलात' असे म्हटले जाते, तेव्हा त्यात गर्दी, गोंगाट आणि बेशिस्त अभिप्रेत असते. चौदा हजार बैल ओळीने नेणाऱ्यांची शिस्त गावाच्या आठवणीत राहिलेली नाही. आंबेडकरांच्या उद्गारांचे मराठीकरण करणाऱ्यांपुढे 'तांडा' हा अर्थाने सर्वांत जवळचा, मराठी मातीतला, स्वतःच्या पायांनी चालणाऱ्यांचा शब्द उपलब्ध होता. ओझे, सामुदायिकता, नायकाची जबाबदारी, मागे न वळण्याची निकड, हे सर्व त्यात आहे. तरीही तो सुचला नसावा, किंवा सुचूनही गौरवाच्या प्रसंगाला उणा वाटला असावा. रथ प्रतिष्ठित होता. 'कारवाँ' हे उर्दू-हिंदी रूप अलीकडे आंबेडकरी सभासंमेलनांतून मराठीतही ऐकू येऊ लागले आहे. 'काफिला'ही काही जण वापरतात. 'तांडा' मात्र त्या जागी अजून आलेला नाही. आत्माराम कनिराम राठोड यांनी आपल्या आत्मकथनाला 'तांडा' एवढेच नाव दिले. त्याच्या मागेपुढे विशेषण नाही, अर्थ उलगडणारे उपशीर्षकही नाही.